पहिल्या नंबरचा वाघ

“ह्ये नाव काढ,” पप्पा म्हणाले. “यशराज पाव्हण्यातला हाय.”

“पप्पा, तो कळंबचा! मी त्याला जन्मात पाहिलं नाही!”

“त्याची आत्या आपल्या झुंबरतात्यांच्या घरात दिलीया. मग झाला का न्हाय पाव्हणा?”

प्रगतीने कपाळावर हात मारला आणि गेमच्या नंबरांच्या यादीतून यशराजला उडवलं. अकरावीतल्या या पोरीने मोबाइलचा गेम बनवला होता, अख्खा, एकटीने! उसाची ट्रॉली न उलटवता कारखान्यावर न्यायची. रविवारी बारामतीत गेम बनवणाऱ्यांचा मेळावा होता. तिथे ओळखी होणार, खेळणारे वाढणार! पण पप्पांनी अट घातली होती. “सोयऱ्याधायऱ्यांनी खेळलं त्यात काय कौतुक? पहिल्या नंबरावर परका माणूस दाखव, मग जा. मी तर असली थेरं बघतबी न्हाय.”

म्हणून प्रगती परक्या खेळाडूंच्या हात धुऊन मागे लागली होती. रील्स टाकल्या, निमगाव केतकीच्या बाजारात भाजीवाल्यांना गेम खेळायला लावला, इंदापूरच्या एसटी स्टँडवर पोस्टर चिकटवलं. नव्या खेळाडूला ती गेममधूनच निरोप धाडायची. निरोप पोचला की त्याच्या फोनवर घरच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजायचा. तिनेच रेकॉर्ड केलेला, फाटका, म्हशी बिथरतील असा.

“आता वर कोण?” पप्पांनी मान लांब केली.

“मोरगावची छकुली.”

“मोरगावची? आगं तिच्या मामाची सोयरीक म्याच जुळवली. काढ!”

“अशाने जिल्ह्यात कुणी परकं उरायचंच नाही!”

“न्हाय उरत, त्याला मी काय करू? आन् त्या ओढ्याच्या वळणावर ट्रॉली लई लवकर पलटी मारती, तेवढं नीट कर.”

“करते,” प्रगती फणकारली. छकुली गेली.

आता पहिल्या नंबरावर ‘ढाण्या वाघ’ आला. ना फोटो, ना आडनाव, ना गाव. पप्पांनी त्याचं नातं काढायला तोंडच उघडलं नाही.

“ह्यो मातर परका हाय,” ते मिशीत हसले. “जा रविवारी.”

प्रगतीने टुणकन उडी मारली. एवढ्या मोठ्या चाहत्याचे आभार तर मानायलाच हवेत! तिने तिथल्या तिथे लिहिलं, “वाघदादा, थँक्यू! गाव कोणतं तुमचं?” आणि निरोप पाठवला.

पप्पांच्या खिशात ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.