विहिरीजवळचा तुकडा

बदकांची रांग आडवी आली आणि ऊसशेठांना बांधावर थांबावं लागलं. बदकांना कसलीच घाई नव्हती. ऊसशेठांना मात्र होती. मुलीच्या ह्या स्थळाला नकार द्यायचा, हे घरून निघतानाच जवळजवळ ठरलं होतं. आता शेवटपर्यंत नीट बघितल्यासारखं करायचं, एवढंच उरलं होतं.

मुलगा वाईट नव्हता. कष्टाळू, बोलायला नम्र, आणि मुलीच्या मनात भरलेला. अडत होतं ते जमिनीपाशी. जमीन इतकीशी आणि तिच्यात बारा भानगडी. ऊसशेठांच्या शेतात रस्त्यापासून ओढ्यापर्यंत एकच पीक उभं असे. म्हणून तर गावाने त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. इथे डोळा एका जागी ठरेना. तळ्यात मासे, तळ्यावर बदकं, बांधावर पपया, पपयांखाली मधमाश्यांच्या पेट्या. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं ते मनात म्हणाले. मागून त्यांची मुलगी येत होती. मीही बघायला येणार, म्हणून ती हट्टाने आली होती आणि आल्यापासून गप्प होती.

मुलाची आई पुढे चालत एकेक दाखवत होती. "बदकं थोरल्या सुनेची. त्यांची शिट पाण्यात पडते, तिच्यावर शेवाळ धरतं आणि शेवाळावर मासे पोसतात. मासे आमच्या ह्यांचे. दीर-भावजय भांडतात तसे सासरा-सून भांडतात, कुणामुळे कुणाचं चाललंय म्हणून. पेट्या माझ्या. जरा लांबूनच बघा पाहुणे, नव्या माणसाशी त्यांचं लवकर जमत नाही."

घराला लागून एक अंधारी, ओलसर खोली होती. दारात मुलाची आजी स्टुलावर बसलेली. आत पेंढ्याने भरलेल्या पिशव्या टांगल्या होत्या आणि त्यांच्या भोकांतून पांढऱ्याशुभ्र अळंब्या फुटल्या होत्या. ऊसशेठांनी एकीला बोट लावायला हात पुढे केला.

"हात धुतले का?" आजीने विचारलं.

नव्हते धुतले. पाहुणा म्हणून म्हातारीने सूट दिली नाही, सरळ बादली दाखवली. ऊसशेठ निमूटपणे हात धुऊन आले.

"माझ्या लेकालासुद्धा मागून घ्याव्या लागतात भाजीला," ती म्हणाली. "आणि मी नाही म्हटलं, तर नाही."

ऊसशेठ हसले, पण त्यांना आपलं घर आठवलं. तिथे उसाचा सगळा पैसा वर्षातून एकदा यायचा आणि त्यांच्याच हातात यायचा. चपलेचा जोड घ्यायचा तरी बायको आणि मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. ह्या म्हातारीची ऐट मात्र बघण्यासारखी होती. खरं सांगायचं तर त्यांना कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून थोडा रागही आला.

तेवढ्यात त्यांना हवं ते सापडलं. विहिरीला लागूनच एक तुकडा मोकळा पडला होता. माती भुसभुशीत, तण काढलेलं, आणि वर काही म्हणजे काही नाही.

"काय हो बाई," ते म्हणाले, "तुम्ही बोटभर जागा वाया जाऊ देत नाही. मग पाण्याजवळची अशी सोन्यासारखी जमीन ओसाड कशी?"

"ओसाड नाही, राखून ठेवलीय," मुलाची आई म्हणाली. "आमच्याकडे घरात माणूस आलं की त्याला एक तुकडा मिळतो. त्यात काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. मी आले तेव्हा इथे नुसता मका होता. मला मधमाश्यांचं वेड, म्हणून पेट्या आल्या. थोरल्या सुनेनं बदकं आणली. सासूबाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी खोली मागून घेतली. ठरवून काहीच केलं नाही हो. माणसं येत गेली तसं शेत वाढत गेलं. हा तुकडा धाकट्या सुनेचा."

ऊसशेठांनी मागे वळून सगळं शेत पुन्हा एकदा पाहिलं. मघाशी दिसलेल्या भानगडी आता दिसेनात. जिकडे तिकडे माणसंच दिसत होती.

"तुमच्या लेकीला काय करायला आवडेल?" मुलाच्या आईने विचारलं.

ऊसशेठांनी तोंड उघडलं. मुलीचं शिक्षण, तब्येत, स्वभाव, सगळ्याची उत्तरं त्यांनी तयार ठेवली होती. हे कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. "तिला काय," ते चाचरत म्हणाले, "तिला... सगळंच आवडतं."

"रोपवाटिका," मागून आवाज आला.

मुलगी चपला काढून त्या तुकड्यात उतरली होती. मुठीत माती घेऊन ती चुरून बघत होती. "मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं. चांगली रोपं मिळायला सगळ्यांना लांब जावं लागतं. पाणी इथून, वर सावलीची जाळी. ऊन ह्या बाजूनं येतं, म्हणजे वाफे असे आडवे घ्यायचे." ती हाताने आखून दाखवत होती. घरात तिचा हा आवाज ऊसशेठांनी कधी ऐकला नव्हता.

"हे कधी ठरवलंस तू?"

"शाळेत असताना, बाबा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमच्याकडे एक वाफा मागितला होता मी. तुम्ही म्हणालात, उसात जागा नाही."

ऊसशेठांना काही आठवेना. आपल्याला ते आठवतही नाही, हेच त्यांना जास्त लागलं. मग त्यांनी वाकून चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि मुलाच्या आईकडे वळले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "एक कुदळ द्या. पहिला वाफा मी खणतो."