पाच बेटांचा गाईड

स्पीडबोटीवरचा गाईड गेली बारा वर्षं पर्यटकांना एका दिवसात पाच बेटं दाखवतो. पाण्याखालच्या माशांचं वर्णन तो असं रंगवून करतो, की भित्र्यातला भित्रा माणूसही तोंडात नळी धरून उडी मारतो. आज बोटीत एक जागा रिकामी होती, म्हणून त्याने आईला आणलं. लेकाने सांगितलेलं सगळं तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तिसऱ्या बेटापाशी ती बोटीची शिडी धरून, पाण्यात तोंड घालून तरंगत राहिली. लेकाने दोनदा शिट्टी मारली, तेव्हा कुठे वर आली.

"अरे, काय पसारा मांडलाय देवाने! तो पिवळ्या शेपटीचा निळा मासा रोज भेटतो का रे तुला?"

"मला कुठला भेटतोय, आई? सगळे पाण्यात असले की मी वरून डोकी मोजतो. एक जरी कमी भरलं तर नोकरी गेली."

"मग ते सगळं सांगतोस ते?"

"माहितीपत्रकातून पाठ केलंय."

आईने डोळ्यांवरचा पाण्यातला चष्मा काढून त्याच्या हातात कोंबला.



"बारा वर्षं देवाच्या दारात बसून नुसत्या चपला सांभाळल्यास होय रे! आण ती शिट्टी इकडे, डोकी मी मोजते."