वळणावरचा बॅजर

१९८९ साल. वेल्समधल्या त्या खोऱ्यात गाईंना पुन्हा क्षय निघाला. हा रोग बॅजरच आणतात, असं म्हणत एम्रिसने संध्याकाळी कुरणातल्या एका बॅजरवर, बिळात राहणाऱ्या त्या पट्टेरी तोंडाच्या प्राण्यावर, गोळी झाडली. बॅजर मारणं हा गुन्हा. म्हणून उजाडायच्या आत त्याने आणि बायकोने, नेस्टाने, तो उचलून वळणावर रस्त्याच्या कडेला ठेवला, जखमेची बाजू खाली करून.

"मोटारीखाली रोज मरतात. कोण विचारतंय?" एम्रिस म्हणाला.

न्याहारीच्या वेळी शेजारचे इदवलकाका दारात आले. टोपी हातात होती.

"नेस्टा, पोरी, माझ्या हातून पाप झालं गं. इथून पहाटे माझ्या एकट्याचीच गाडी जाते. वळणावरचा तो बॅजर माझ्या गाडीखाली मेला, तरी मला कळलंसुद्धा नाही! उद्या एखादं लेकरू आडवं आलं तर?"

नेस्टाने नवऱ्याकडे पाहिलं. तो पावाला लोणी लावत होता.

"वय झालं, काका," एम्रिस म्हणाला. "आता गाडी सोडा."

नेस्टाने काकांना चहा ओतला.

काकांनी त्याच आठवड्यात गाडी विकली. पुढच्या तपासणीत क्षय सापडला आणि एम्रिसच्या गाई कत्तलखान्यात गेल्याच. काही वर्षांनी एम्रिसही वारला. काका आता नव्वदीत आहेत, आणि दर रविवारी नेस्टाच त्यांना आपल्या गाडीतून प्रार्थनेला नेते. वळण आलं की ते तिच्या दंडावर हात ठेवतात.

"सावकाश, पोरी. इथंच मी त्याला मारलं."

आणि ती गाडी हळू करते.