दादूचं नाक

"आला! अहो, आला बघा!" द्रौपदी स्वयंपाकघरातून ओरडली.

दादू अनवाणीच धावला. गॅस बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, मेन स्विच पाडला. मग तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला स्वतःला काहीच कळत नव्हतं. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं फवारा मारून त्याचं नाक कायमचं गेलं होतं. दूध नासलंय का, कालचा शर्ट आज चालेल का, सगळं द्रौपदी हुंगून सांगायची.

"कसला आहे गं?"

"जळका."

"जळका म्हणजे कसा?"

"जळक्यासारखा! आता काय सांगू तुम्हाला?" ती जरा थांबली. "जिभेवर लोखंड ठेवल्यावर कसं लागतं? तसं नाकात लागतं."

दादूनं ओट्यावरचा चमचा उचलून जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"नाही गं कळत."

"नाक नुसतं चष्मा टेकवायला ठेवलंय," ती म्हणाली आणि हसली.

दोन मिनिटांत वास गेला. नेहमी असंच व्हायचं. वायरमन चंद्रप्रकाश येईपर्यंत काही उरलेलं नसायचं. तरी त्यानं घरातली सगळी वायर बदलली. गॅसवाल्यानं नळी बदलली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा वास आला.

द्रौपदीला तो सगळ्या घरात सारखाच यायचा, कुठून येतोय ते सांगता यायचं नाही. शेजारी कामावर, दिवसभर घरात दोघंच. दुसरं कुणी असतं तर वास माळ्यावरून येतोय की मोरीतून, एवढं तरी शोधलं असतं. दादू नुसता भिंतींवरून हात फिरवायचा, कुठे गरम लागतंय का बघायचा. स्वतःची चीड यायची त्याला.

मंगळवारी ती "आला" म्हणाली आणि ओट्यापाशीच कोसळली. हातपाय झाडायला लागली.

हॉस्पिटलात दादू डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, घरात काहीतरी जळतंय बघा. धूर गेला असेल तिच्या छातीत. मला वास येत नाही हो, म्हणून सापडलं नाही. ती बिचारी सारखी सांगत होती."

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि एका पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

"काका, घरात काहीच जळत नव्हतं. किती महिने येत होता त्यांना हा वास?"