वर

"मिसेस? माझी मिसेस?" शेणोलीकरांनी मोबाइलमधला फोटो चहावाल्या तुर्की बाईपुढे धरला. कॅपाडोशियाच्या त्या उंटासारख्या, टोपीसारख्या सुळक्यांत बायको हरवली होती आणि बस सुटायला आली होती. सकाळी त्यांनी ग्रुपदेखत "तुला काही कळत नाही" म्हटल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"वर, वर!" बाई हसून म्हणाली.

हिला मराठी कसं येतं, हा प्रश्न बाजूला ठेवून शेणोलीकर चढू लागले. डोंगरात कोरलेलं एक चर्च झालं, दुसरं झालं. भिंतीवरच्या डोळे खरवडलेल्या संतांनीही तिला पाहिलं नसावं. माथ्यावर गुडघे धरून त्यांनी खाली बघितलं, तर ती त्याच टपरीमागे चहा पीत बसलेली.

"वर कशाला गेला होतात?" ते धापा टाकत उतरल्यावर तिनं विचारलं.

"हिनंच सांगितलं!"

"तुर्कीत 'वर' म्हणजे 'आहे'," गाइडनं खुलासा केला.

"आमच्या भाषेत वर म्हणजे नवरा," ती सगळ्या ग्रुपदेखत म्हणाली. "त्याला काही कळत नाही."

आणि उरलेला चहा तिनं त्यांच्यापुढे सरकवला.