उलटं म्हणजे उलटं

कोड कशाशी खातात हे साहेबांना माहीत नव्हतं, पण सगळ्यांचं काम तपासायचे तेच. नव्या मुलीला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, हेही तेच ठरवणार होते. तिने वाक्यातले शब्द उलट्या क्रमाने लावणारा प्रोग्राम लिहिला. साहेबांनी अख्ख्या टीमला भोवती उभं केलं आणि स्वतःच वाक्य टाइप केलं : "इथे अक्कल फक्त मलाच आहे"

स्क्रीनवर उत्तर आलं : "आहे मलाच फक्त अक्कल इथे"

"हे काय?" साहेब खेकसले. "अर्थ तर तोच राहिला! याला उलटं म्हणतात?"

"सर, शब्दांचा क्रम उलटा झालाय. आपल्या भाषेत तेवढ्याने अर्थ बदलत नाही."

"मला शिकवू नकोस. उलटं म्हणजे उलटं! जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मुलीने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आणि तो पुन्हा चालवला.



"नाही मलाच फक्त अक्कल इथे," साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं, आणि "आत्ता कसं बरोबर आलं!" म्हणत तिला तिथल्या तिथे कायम करून टाकलं.