दुसरा खटका

“थांबा आई, बाळाला ठेवू नका. एकच खटका वाजला.”

सासूबाई नातीला बाबागाडीत ठेवायला वाकल्याच होत्या. जावयाच्या आवाजाने त्या तशाच थबकल्या. इमारतीच्या दाराशी गाडी चारही चाकांवर ताठ उभी होती. बैठक उघडलेली, पट्टे मोकळे. खोट काढायला कुठे जागा नव्हती.

“उघडलीय की नीट,” त्या म्हणाल्या. “मला दिसतंय ना!”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. जावई जन्मापासून आंधळा होता.

लेक पुन्हा कामावर रुजू झाली, तशा त्या नातीसाठी, चिमीसाठी, राहायला आल्या. त्याला तीन आठवडे झाले होते. जावई दुपारनंतर घरूनच एका कंपनीच्या फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. सकाळी मोकळा असायचा, आणि चिमीला तोच फिरवून आणायचा. सासूबाईंनी आल्या दिवशीच गाडीचा ताबा घेतला. “तुम्ही बसा हो निवांत, मी आहे ना.” दर रविवारी तो गाडी उलटी करून साफ करायचा, तेही त्यांनी बंद पाडलं. कशाला ती तेलकट कामं! त्याने ते चालवून घेतलं होतं. आज मात्र चिमीला लस टोचायची होती, आणि तो हट्टाने खाली आला होता.

“जरा बाजूला व्हा बरं. नऊची वेळ दिलीय.”

तो बाजूला झाला नाही. उलट खाली बसला आणि त्याने बैठकीवर तळहात टेकवला. सासूबाईंनी चिडून चिमीला पुन्हा खांद्याशी घेतलं. त्याने हात जोराने दाबला.

गाडी खाडकन मिटली. सांगाड्याच्या दोन्ही नळ्या कात्रीसारख्या एकमेकींवर आपटल्या आणि त्याचं बोट मध्ये सापडलं.

सासूबाईंनी नातीला इतकं आवळलं की ती रडायला लागली. जिथे ते बोट होतं, तिथे क्षणभरापूर्वी त्या चिमीला बसवणार होत्या.

जावयाने बोट सोडवलं, रुमाल गुंडाळला आणि पायरीवर बसून गाडी मांडीवर आडवी घेतली. “दोन्ही बाजूंना एकेक खटका असतो, आई. उजवा बसलाच नाही.” बाळाच्या पिशवीच्या तळातून त्याने जुना टूथब्रश काढला आणि खटक्याची खाच कोरली. मसुरीएवढा खडा टपकन पायरीवर पडला. मग त्याने पुढचं चाक फिरवलं, कान लावला आणि आसाभोवती गुंडाळलेला हातभर लांब केस ओढून काढला.

“हा तुमचा दिसतोय. अजून चार दिवसांनी चाकाला वेणीच घातली असती.”

सासूबाईंना हसावं की रडावं कळेना.

पिशवीतल्याच बाटलीतून तेलाचा एक थेंब. वरचं तेल फडक्याने पुसून कोरडं. मग त्याने गाडी झटक्यात उघडली.

टक. टक.

त्याने बैठकीवर सगळा भार टाकून पाहिला. ब्रेक लावून गाडीला धक्का दिला. ती जागची हलली नाही.

“आता ठेवा.”

सासूबाईंनी चिमीला त्याच्या हातात दिलं. “तुम्हीच ठेवा.”

त्याने पट्टे लावले, आत दोन बोटं सरकवून घट्ट-सैल पाहिले. मग उजव्या हातात काठी घेतली आणि डाव्या हाताने गाडी पाठीमागे ओढत निघाला. ढकलत नव्हता, ओढत होता. वाटेत जे काही आडवं येईल, ते आधी काठीला लागणार, नाहीतर त्याला. चिमीपर्यंत पोचणार नव्हतं. हे सासूबाईंच्या आज ध्यानात आलं.

त्या चार पावलं मागून चालल्या. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर कुणीतरी फुटपाथभर सायकल आडवी लावली होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तोवर काठी सायकलीला टेकून मागे आली होती, आणि गाडी वळसा घालून पुढे गेलीही होती. चिमी आजीकडे तोंड करून, दोन्ही पाय झाडत, खिदळत लांब लांब जात होती. सासूबाईंना भराभर पावलं उचलावी लागली.

संध्याकाळी लेक घरी आली, तर आई आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती.

“अगं आई, निघालीस कुठे? चिमीकडे कोण बघणार?”

“तिचे बाबा बघतील,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यापेक्षा चांगलं बघतात ते.”